स्टार ट्रेक बनवणाऱ्यांना खुलं पत्र: तुमच्या विश्वात माल वाहतं कोण?

स्टार ट्रेक या अंतराळातल्या अमेरिकन मालिकांचे लेखक, निर्माते आणि नव्या मालिकांना मंजुरी देणारे, सर्वांस

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, तेव्हा ते तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. पण खुल्या पत्राचं असंच असतं. नाव एकाचं, वाचणारे भलतेच. मराठी वाचणाऱ्यांत तुमच्या मालिकांचे चाहते आहेत आणि जहाजावर नोकरी केलेलेही आहेत. मी दोन्हींकडचा. मर्चंट नेव्हीत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून साइन ऑन केलं, सेकंड इंजिनिअर होऊन किनाऱ्याला लागलो. बल्क कॅरिअर, टँकर, कंटेनर अशी तिन्ही प्रकारची जहाजं केली. त्यामुळे तुमच्या पडद्यावर मालाचं जहाज दिसलं की मी सरसावून बसतो. आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत ते जहाज फुटतं.

२०२३ मध्ये तुम्ही स्टारफ्लीट अकादमीवर, म्हणजे तुमच्या अंतराळ ताफ्याचे अधिकारी घडवणाऱ्या शाळेवर, मालिका जाहीर केलीत, तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. तुमच्या मूळ मालिकेचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ ला दाखवला गेला. तेव्हापासून शोधमोहिमेवरच्या कप्तानांची पाळी आली, हद्दीवरच्या स्थानकाची आली, भरकटलेल्या जहाजाची आली, निवृत्त अॅडमिरलची आली. 'लोअर डेक्स'मध्ये खालच्या मजल्यावरची माणसं दाखवलीत, तीही एन्साइन, म्हणजे शेवटी अधिकारीच. आता अधिकारी होऊ घातलेली मुलं. माल वाहणाऱ्यांचा नंबर काही लागत नाही. तुमच्या विश्वात इंजिनाला लागणारं डायलिथियम, धान्य, औषधं, यंत्रांचे सुटे भाग सतत इकडून तिकडे जात असतात. ते नेणारी माणसं मात्र संदेशात 'मदत पाठवा' म्हणण्यापुरती येतात.

तुम्हाला हे सुचलंच नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं, आणि फार चांगलं सुचलं होतं. म्हणूनच राग जास्त आहे.

२००१ मध्ये सुरू झालेल्या, त्याच नावाच्या जहाजावरच्या 'एंटरप्राइझ' मालिकेत तुम्ही ट्रॅव्हिस मेवेदर आणलात. जहाजाचा सुकाणू धरणारा हा मुलगा मालाच्या जहाजावर जन्मलेला, तिथेच वाढलेला. अशांना तुम्ही बूमर म्हणालात. पृथ्वीची मालवाहू सेवा, पिढ्यान्‌पिढ्या जहाजावरच राहणारी कुटुंबं, एकेका फेरीत सरणारी वर्षं. पहिल्याच भागात ट्रॅव्हिस चीफ इंजिनिअर ट्रिपला जहाजावरची ती जागा दाखवतो जिथे गुरुत्वाकर्षण उलटं होतं आणि माणूस छताला बूड टेकून निवांत बसू शकतो. प्रत्येक जहाजात अशी एक जागा असते, असं तो सांगतो. आम्ही तो भाग मेस रूममध्ये पाहिला, कुणाकडून तरी हँडओव्हरमध्ये आलेल्या हार्ड डिस्कवरून. आमचा फिटर लगेच म्हणाला, "बरोबर आहे, आपली फनेलच्या मागे आहे." खरोखरच होती. वाऱ्याला आडोसा, पायाखाली ऊब, आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात तिथून, दिसत नाही. त्या एका दृश्यावरून आम्हाला कळलं की लिहिणाऱ्याने जहाजावर राहणं म्हणजे काय याचा विचार केलाय. नुसतं जहाज उडवणं वेगळं.

त्याच हंगामात, नोव्हेंबर २००१ मध्ये, 'फॉर्च्युनेट सन' आला. त्या जहाजावर मुलं लपाछपी खेळतात. मालाच्या कोठारात कप्तान आणि त्याचा पहिला अधिकारी चेंडू फेकत असतात आणि तेवढ्यात नॉसिकन चाचे हल्ला करतात. मग १६ एप्रिल २००३ ला 'होरायझन'. ट्रॅव्हिस घरी, म्हणजे जहाजावर जातो. बाप, जो कप्तान होता, वारलेला आहे. धाकटा भाऊ पॉल कप्तान झालाय आणि अजून त्या खुर्चीत पुरता बसलेला नाही. आई इंजिनही बघते आणि औषधपाणीही. थोरला घर सोडून स्टारफ्लीटमध्ये गेला याचा सल भावाच्या मनातून गेलेला नाही. आणि थोरला येऊन करतो काय, तर कप्तानाला न विचारता जहाजाची शस्त्रं सुधारायला घेतो! ते पाहताना मेस रूममधला जुना सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, चिडून उठलाच होता. ज्याचं जहाज त्याला विचारल्याशिवाय व्हॉल्व्हचं चाकसुद्धा फिरवायचं नसतं.

आणि मग तुम्ही ते दार लावून घेतलंत. पाच आठवड्यांनी पृथ्वीवर झिंडी या परग्रहवासीयांचा हल्ला दाखवलात, पुढचा अख्खा हंगाम युद्धात गेला, २००५ मध्ये मालिका बंद झाली. बूमर कुटुंबांकडे पुन्हा कुणी मन लावून पाहिलं नाही. ट्रॅव्हिस सुकाणूपाशी बसून 'होय सर' म्हणत राहिला. मालिका बंद होणं तुमच्या एकट्याच्या हातात नव्हतं, मान्य. पण त्यानंतर इतक्या मालिका आल्या. त्यांपैकी एकीनेही तो धागा उचलू नये, ही माझी पहिली तक्रार.

यात तुम्ही काय घालवलंत ते सांगतो, कारण ते तुमच्या लक्षात आलंय असं वाटत नाही. तुमच्याच जुन्या हिशेबाने वॉर्प या वेगाच्या मापाच्या आकड्याचा घन केला की प्रकाशाच्या किती पट वेग ते कळतं. वॉर्प दोन म्हणजे आठ पट, वॉर्प पाच म्हणजे १२५ पट. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. जुन्या इंजिनाने वॉर्प दोन गाठलं तरी तिथवर सहा महिन्यांहून जास्त लागतील. वॉर्प पाचने जाणाऱ्या एंटरप्राइझला बारा-तेरा दिवस. तेही सर्वांत जवळच्या ताऱ्याचं. पुढे जाल तसे सहा महिन्यांचे सहा वर्षं होतात.

सहा महिने म्हणजे आमच्याकडे एका अधिकाऱ्याचं काँट्रॅक्ट. त्यात माणसाचं काय काय होतं ते आम्हाला विचारा. सुरुवातीचे आठवडे सगळे एकमेकांशी जपून बोलतात. मग जोक संपतात. मग कोण कसा चहा ढवळतो त्याचाही त्रास व्हायला लागतो. ताजी भाजी संपून फ्रोझन सुरू होते तेव्हा चीफ कुकशी सगळे अचानक गोड वागतात. समुद्र खवळला की मेसच्या टेबलावर ओलं कापड अंथरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. तेवढ्या कापडावरूनसुद्धा भांडण होतं, कारण कोपर भिजतं. आता याच्या जोडीला जहाजावर बायकामुलं आहेत असं धरा. मुलगी दहा वर्षांची निघाली आणि माल उतरवेपर्यंत सोळाची झाली. तिच्या वयाचं जहाजावर दुसरं कुणी नाही. बंदरात दोन दिवस मिळतात, त्यात ती पहिल्यांदा अनोळखी माणूस पाहते. हे सगळं तुमच्या हातात आयतं होतं.

आणि बातम्या. 'होरायझन'मध्ये ट्रॅव्हिसला बाप गेल्याचं उशिरा कळतं, तो पोचतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं. आमच्या एका जहाजावर थर्ड इंजिनिअरचे वडील गेले. कप्तानाने आणि चीफने त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. पुढचं बंदर आठवडाभर लांब, आणि तिथेही बदली माणूस येणार की नाही हे ऑफिसने कळवलेलं नव्हतं. चीफ म्हणाला, आज वॉचला, म्हणजे पाळीला, येऊ नकोस. तो बाराला खाली आला. म्हणाला, केबिनमध्ये बसून काय करू. मग त्याने जनरेटरची रीडिंग घेतली, वहीत लिहिली, आणि आम्ही त्याच्याशी पंपाबद्दल बोलत राहिलो, कारण दुसरं काय बोलायचं ते आम्हाला येत नव्हतं. 'होरायझन' पाहताना तोच थर्ड आठवत होता. असे आणखी दहा भाग तुम्ही लिहू शकला असतात.

वॉर्प पाचचं इंजिन आल्यावर या कुटुंबांचं पुढे काय, हा प्रश्न तुम्ही दोन्ही भागांत उपस्थित केलात आणि सोडून दिलात. आमच्या समुद्रावर हे घडून गेलेलं आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. तो वाफेच्या जहाजांच्या सोयीचा. शिडाच्या जहाजांना मात्र आफ्रिकेला वळसाच घालावा लागे. घाईचा माल वाफेकडे गेला. पण शिडाची जहाजं लगेच संपली नाहीत. ज्या मालाला घाई नाही तो त्यांनी धरून ठेवला: धान्य, कोळसा, नायट्रेट. 'पामीर' हे चार डोलकाठ्यांचं जहाज १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचं धान्य घेऊन केप हॉर्नला वळसा घालून गेलं. माल घेऊन तो वळसा घालणारं ते शेवटचं शिडाचं जहाज. म्हणजे कालवा उघडल्यावर ऐंशी वर्षं. या ऐंशी वर्षांत भाडं घसरत गेलं, माणसं कमी होत गेली, जहाज जुनं होत गेलं, तरी कुणीतरी ते चालवत राहिलं. का चालवत राहिलं, यातच एक अख्खी मालिका आहे. पॉल मेवेदर पन्नाशीला आला तेव्हा त्याच्या जहाजाला कोण माल देत होतं, हे मला अजून जाणून घ्यायचंय.

दुसरी तक्रार: मालाचं जहाज म्हणजे बळीचा बकरा. तुमच्या १९८२ च्या चित्रपटातलं 'कोबायाशी मारू' सगळ्या जगाला माहीत आहे. इंधन वाहणारं जहाज, ८१ खलाशी, ३०० प्रवासी, सुरुंगाला धडकलेलं, मदत मागतंय. आणि ते जहाज मुळात नाहीच. कॅडेटांच्या परीक्षेचा प्रश्न आहे. चाहते चाळीस वर्षं वाद घालतायत की पहिल्या मालिकेचा कप्तान कर्क याने फसवून ती परीक्षा पास केली ते बरोबर की चूक. त्या ८१ जणांत गॅलीत कोण होतं, इंजिन रूममध्ये कोण होतं, हे कुणी विचारत नाही. शेजारच्या घरीही तेच. 'द एक्स्पान्स' ही २०१५ ची मालिका शनीच्या कड्यांतला बर्फ सेरेसकडे नेणाऱ्या 'कँटरबरी'वर सुरू होते. पहिल्या भागात त्या जहाजाचा इतका खरा वास येतो, बर्फाच्या कामात एकाचा हात जातो, माणसं कंटाळलेली आणि चिडचिडी आहेत, की मला वाटलं, आता जमलं. भाग संपायच्या आत कँटरबरीच्या ठिकऱ्या झाल्या आणि उरलेली चार-पाच माणसं थोड्याच भागांत लढाऊ जहाजावर जाऊन बसली.

त्या भागातली एक गोष्ट मात्र सोळा आणे खरी होती. मदतीची हाक येते, कुणालाच जायचं नसतं, वेळ आणि बोनस दोन्ही बुडणार असतं. जहाजावरचा अधिकारी होल्डन गुपचूप ती हाक नोंदवून टाकतो, आणि मग जावंच लागतं. आमच्या समुद्रावरही सोलास या जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संकटातल्यांच्या मदतीला धावणं कप्तानावर बंधनकारक आहे. भूमध्य समुद्रात २०१४-१५ मध्ये बुडत्या नावांतल्या हजारो माणसांना मालाच्या जहाजांनी वर घेतलं. वीस-बावीस माणसांचं जहाज, उंच कठडा, त्यावरून सोडलेली जाळी आणि दोरशिडी, आणि खाली शेकडो माणसं. वर घेतल्यावर त्यांना जेवायला काय घालायचं, झोपवायचं कुठे, आणि कुठलं बंदर त्यांना उतरू देईल? तुमच्या कथांत मदत मागायची मालाच्या जहाजाने आणि वाचवायचं एंटरप्राइझने. प्रत्यक्षात सर्वांत जवळ असतं ते बहुतेक वेळा मालाचंच जहाज.

चाच्यांचंही तसंच. 'फॉर्च्युनेट सन'मध्ये पहिला अधिकारी रायन सूडाच्या मागे लागतो, एका नॉसिकनला पकडून ठेवतो, मदतीला आलेल्या एंटरप्राइझच्या कप्तान आर्चरच्याच माणसांना कोंडतो, आणि शेवटी त्याला साध्या खलाशाच्या पदावर उतरवतात. भाग चांगला आहे. पण मला नंतरचं पाहायचं होतं. एडनच्या आखातातून जाताना आम्ही कठड्याला काटेरी तार गुंडाळायचो, फायर होज बाहेर तोंड करून बांधायचो, आणि जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून, डोक्याला हेल्मेट घालून बुजगावणी उभी करायचो, म्हणजे लांबून पहारा जास्त वाटावा. रात्री डेकवर गेलं की आपल्याच बुजगावण्याला दचकायला व्हायचं. हल्ला झाला तर सगळ्यांनी स्टिअरिंग गिअर रूममध्ये शिरून आतून दार लावायचं, असा सराव. तिथे पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि एक बादली ठेवलेली असायची. आमच्यावर हल्ला झाला नाही. तरी त्या बादलीकडे पाहून जे वाटायचं ते मी कुठल्याच मालिकेत पाहिलं नाही. तुमचं मोठं जहाज येतं, दोन फैरी झाडतं, उपदेश करतं आणि निघून जातं. मालाच्या जहाजाला त्याच मार्गाने परत यायचं असतं.

तिसरी तक्रार लहान आहे. मालाच्या जहाजाचा मालक तुमच्याकडे फार करून लबाड किंवा रंगेल असतो. हॅरी मड, ट्रिबल विकणारा सिरॅनो जोन्स, मग ओकोना. 'डीप स्पेस नाइन'मधली कॅसिडी येट्स ही एकच कामाची बाई, आणि तिलाही तस्करीसाठी तुरुंगात पाठवलंतच. ती मला आवडते, म्हणून जास्त बोलत नाही.

चौथी तक्रार कामाबद्दल. तुमच्या जहाजावर बिघाड होतो तो कथेला हवा तेव्हा, आणि दुरुस्त होतो तो भाषणाच्या शेवटी. खरं जहाज रोज थोडं थोडं बिघडत असतं आणि रोज कुणीतरी ते थोडं थोडं सावरत असतं. या बाबतीत 'फायरफ्लाय' या दुसऱ्यांच्या मालिकेने २००२ मध्ये तुम्हाला मागे टाकलं. केली ही मेकॅनिक पहिल्यापासून सांगत असते की कॉम्प्रेशन कॉइल नवी घ्या. कप्तान घेत नाही, पैसे नसतात. आणि एका भागात नेमका तोच भाग जातो, इंजिन रूमला आग लागते, हवा संपत येते. वाहिनीने चौदापैकी अकराच भाग दाखवून ती मालिका गुंडाळली, पण तो एक भाग आमच्या लाइनमधल्या कुणालाही दाखवा, तो हसेल आणि मग गप्प होईल. मी स्वतः एका जहाजावर प्युरिफायरच्या, म्हणजे तेल साफ करणाऱ्या यंत्राच्या, सीलचा संच मागवला होता. ऑफिसचं उत्तर: पुढच्या बंदरात मिळेल. पुढच्या बंदरात उत्तर आलं: त्याच्या पुढच्या. शेवटी जुनीच रिंग साफ करून, उलटी बसवून चालवली. ती गळायची तेव्हा रात्री दोनला अलार्म वाजायचा, ड्यूटीवरच्या इंजिनिअरने खाली जायचं, पुसायचं, रीसेट करायचं, वर यायचं. आणि सकाळी पुन्हा कामाला. २०१३ पासून लागू असलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. तसा तक्ता भरावा लागतो. काही जहाजांवर त्या तक्त्याइतकी चांगली विज्ञानकथा मी दुसरीकडे वाचली नाही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: भविष्यात हे नसेल. हवी ती वस्तू बनवून देणारे रेप्लिकेटर आहेत, संगणक आहे. मग मालाची जहाजं तरी कशाला दाखवता? दाखवता कारण तुमचा मौल्यवान लॅटिनम रेप्लिकेट होत नाही, डायलिथियम खणून काढावं लागतं. म्हणजे माल आहे, जहाज आहे, तेव्हा माणूसही असणार. 'पिकार्ड'मध्ये २०२० साली तुम्ही 'ला सिरेना' हे मालवाहू जातीचं जहाज आणलंत आणि माझी आशा पुन्हा जागी झाली. त्यावर कप्तान रिऑस एकटा! बाकी पाच होलोग्राम, तेही त्याच्याच चेहऱ्याचे. गंमत म्हणून ठीक. पण कमी माणसांत जहाज चालवायची हौस आमच्या मालकांना आधीच पुरेशी आहे.

आणि माणसं अदृश्य करणं याला भविष्याची गरज नाही, ते वर्तमानात चालू आहे. २०२० मध्ये महासाथीत बंदरं बंद झाली आणि वर्षअखेरीस चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही जहाजावर अडकलेले होते. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझमध्ये आडवं झालं. सहा दिवस जग त्या जहाजाची चित्रं पाहत होतं, चुटके करत होतं. त्यावर पंचवीस खलाशी होते, सगळे भारतीय. जहाज सुटल्यावर बातमी संपली. जहाज मात्र नुकसानभरपाईच्या वादात जुलैपर्यंत ग्रेट बिटर लेकमध्ये अडकून राहिलं. हीच गोष्ट एखाद्या परग्रहाच्या कक्षेत घाला: जहाज जप्त, माल नासतोय, मालक फोन उचलत नाही, पाणी मोजून मिळतंय. एकही फेझर बंदूक न झाडता चार भाग निघतील.

असं करता येत नाही असं सांगू नका. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ने २००७ मध्ये एका भागात इंधन शुद्ध करणारं जहाज दाखवलं. बापाचं काम पोराच्या गळ्यात पडतंय, लहान मुलं यंत्रापाशी उभी आहेत, कुणाला सुट्टी नाही, आणि संपूर्ण ताफा त्या इंधनावर चाललाय. चीफ टायरॉल संप करतो. अॅडमिरल अॅडामा, ज्याच्यावर प्रेक्षकांचा एवढा जीव, तो टायरॉलच्या बायकोला गोळी घालायची धमकी देतो. दोघांचं म्हणणं पटतं, हीच त्या भागाची ताकद. त्यांनी एकाच भागात उरकलं, पण केलं तरी.

तेव्हा मागण्या साध्या आहेत.

मालाच्या जहाजावर एक मालिका करा. सगळे हंगाम नकोत, सहा भाग पुरे. काळ बूमरांचाच घ्या, वॉर्प पाच नुकतं आलंय आणि जुन्या जहाजांचं भाडं घसरतंय असा. पहिल्या भागात जहाज फोडू नका. शेवटच्याही नको.

मुख्य पात्रांत किमान तिघं अधिकारी नसलेली असू द्या: एक सारंग, एक फिटर, एक कुक. आणि त्यांना फक्त विनोदासाठी वापरू नका.

प्रवासाला लागतो तेवढा वेळ लागू द्या. 'सहा महिन्यांनंतर' अशी पाटी टाकून ते सहा महिने खाऊ नका, आम्हाला तेच पाहायचे आहेत.

पगार कोण देतो ते एकदा स्पष्ट करा. फेडरेशनमध्ये, म्हणजे तुमच्या ग्रहांच्या संघात, पैसा नाही म्हणता, मग कॅसिडी येट्स कशासाठी माल वाहत होती? जुन्या काळात पैसा होता असं म्हणणार असाल तर उत्तमच. किती मिळायचा, वेळेवर मिळायचा का, आणि मुलगा स्टारफ्लीटमध्ये गेला की त्याचं काम कोणाच्या वाट्याला यायचं, हेही येऊ द्या.

लेखकांच्या खोलीत जहाजावर काम केलेली दोन माणसं बसवा. सल्लागार म्हणून श्रेयनामावलीत नाव घालून मोकळं होऊ नका. त्यांना पगारावर घ्या आणि 'हे असं होत नाही' असं ती म्हणाली तर ऐका. अशी माणसं कुठल्याही बंदरात मिळतील. फक्त फार वेळ नसतो त्यांना, जहाज हल्ली दिवसभरही थांबत नाही.

आणि एंटरप्राइझ दाखवायचा मोह झालाच तर एकदाच दाखवा, मागून येऊन पुढे निघून जाताना. रेडिओवर विचारपूस करायची त्यांना सवड नसेल, आणि आमच्या ब्रिजवरच्या माणसाने लॉगबुकात वेळ लिहून ठेवावी.

कळावे,

एक माजी सेकंड इंजिनिअर